औंधाच्या वाटेवर

पौष महिना. उजाडायला अजून वेळ आहे. तुम्ही आटपाडीच्या वेशीत उभे आहात आणि थंडीनं दात वाजतायत. मोबाइल चाचपू नका, खिसाच नाही. डोक्याला मुंडासं, अंगावर काळं घोंगडं, पायांत करकरणाऱ्या कातडी वहाणा. घोंगड्याला मेंढरांचा आणि शेणकुटाच्या धुराचा वास आहे. गाव ओलांडायच्या आत तो तुमचाच होऊन जाईल. काखेतली वही मात्र तुमच्या काळातली आहे. तुम्ही व्यंगचित्रकार, स्वतःच्या हिमतीवर काम करणारे, आणि त्या वहीत तुमची पहिली चित्रकादंबरी आहे, निम्मी झालेली. तूर्त ती झाकूनच ठेवा. दुसऱ्या एकाचं चित्रांचं पुस्तक कसं पुरं होतंय, ते बघायला निघालाय तुम्ही.

एक बैलगाडी शेजारी येऊन थांबते. खिल्लारी बैल, नाकपुड्यांतून वाफा सोडणारे.

"काय वं पावणं, औंधाला का?"

"होय."

"मग बसा की. यमाईच्या यात्रंलाच चाललोय."

गाडीत कडबा अंथरलाय. एक म्हातारी, भाकरीचं गाठोडं मांडीवर. एक धनगर, हातात काठी. दोन पोरं, अजून झोपेत. चाकांच्या लोखंडी धावा दगडावर आदळल्या की दणका थेट कण्यात बसतो. दिवस वर येतो तशी थंडी पळते आणि धुळीचं राज्य सुरू होतं. उघडे माळ, बोरी, बाभळी, लांबवर सरकणारा मेंढरांचा कळप. झरे मागं पडतं. ओढ्याला पाणी दिसत नाही, पण धनगर वाळूत हातानं झिरा उकरतो आणि गार पाणी वर येतं. बाजरीची भाकरी, मिरचीचा खरडा, बुक्कीनं फोडलेला कांदा. डोळ्यांतून पाणी काढत तुम्ही दुसरी भाकरी मागता.

म्हातारी शेटफळ्याचं काही सांगत असते. त्या गावात १९१९ साली एक पोर जन्मणार आहे, गजानन दिगंबर माडगूळकर. ते औंधाला शिकायला येईल आणि १९५५ साली त्याचं 'गीतरामायण' आकाशवाणीवर घरोघरी ऐकू येईल. हे तुम्हाला ठाऊक आहे, गाडीत कुणालाच नाही. जीभ आवरा. त्याच्याआधी औंधात रामायण चित्रांत उतरतंय.

मायणी येते, जाते. एक मुक्काम वाटेत होतो. औंध दिसायच्या आधी ऐकू येतं. हलगीचा ताल, बैलांच्या घुंगुरमाळा, हरवलेल्या पोरांना मारलेल्या हाका. वर यमाईदेवीच्या मूळपीठाचा डोंगर, पायऱ्यांवर माणसांची अखंड रांग. खाली देवळापुढं उंच दीपमाळ आणि तिच्या पायथ्याशी तुमचा पाय ठरत नाही एवढी गर्दी. घाम, गुलाल, नारळाचं पाणी, तळणीचं तेल, सगळे वास एकदम नाकात शिरतात. कुणाचा कोपर बरगडीत बसतो. तुम्ही वही छातीशी घट्ट धरता.

रात्री एका पालापुढं माणसं दाटीनं बसलेली दिसतात. तुम्हीही बसा. चित्रकथी आलाय. दिवटीच्या उजेडात तो पोथीतलं एक सुटं पान काढून उभं धरतो. मोठ्या डोळ्यांचा राम, समोर रावण, दोघांच्या मध्ये बाणांची जाळी. मागं ना आभाळ ना झाडं, नुसता कागद. वीणा वाजते, टाळ वाजतो, तो गात-बोलत चित्रातल्या एकेका माणसाला जिवंत करतो. आणि मग पान बदलायच्या बेताला थांबतो. हात पुढच्या पानावर आहे, पण पान उचलत नाही. शेजारची बाई श्वास रोखून बसलीय. तुम्हीसुद्धा. ज्या जागेला तुम्ही वहीत दोन चौकटींमधली रेघ म्हणता, ती जागा इथं शंभर माणसांच्या छातीत धडधडतेय. तो पान उचलतो, आणि सगळा घोळका एकदम सुस्कारा सोडतो.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात शिरा. यात्रेच्या वर्दळीत तुम्हाला कोण हटकणार? आतल्या दालनात रंगांचा वास भरलाय. खिडकीच्या उजेडात एक धट्टाकट्टा, पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ चित्र रंगवतोय. पहाटे सूर्यनमस्कार घालून घोटलेलं शरीर, हात मात्र हलका. हे औंधचे राजे, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ७२ गावांचा कारभार, दप्तरं, तक्रारी यांतून वेळ काढून ते रामायण रंगवतायत. १९१६ साली ते 'चित्ररामायण' म्हणून मुंबईत माझगावच्या ब्रिटिश इंडिया प्रेसमध्ये छापून निघेल. आज तुमच्यासमोर चित्रं अजून सुटी आहेत.

जवळ जा, श्वास आवरून बघा. चित्रकथ्याच्या पानात रिकामा कागद होता. इथं झाडाला सावली आहे, शालूच्या चुण्यांत उजेड अडकलाय, माणसांच्या अंगाला वजन आहे. तुमचा धंद्याचा डोळा लगेच अडचणीवर जातो. एकच चेहरा कितीदा काढायचा! अयोध्येतला राम आणि वनातला राम, कपडे गेले, मुकुट गेला, तरी पोराटोरांनी पाहताक्षणी ओळखला पाहिजे. पुन्हा हे सगळं छापखान्यातून सुखरूप बाहेर यायचं. त्या काळी रंगीत चित्राचे तीन ठसे करायचे, पिवळा, तांबडा, निळा, आणि कागद तीनदा यंत्रातून काढायचा. तो केसभर सरकला तरी ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो.

पण तुमचं कोडं वेगळंच आहे. हात तर तुमचाही चालतो. मग तुमची गोष्ट मध्येच का अडते, आणि इथं चित्रामागून चित्र कसं येतं?

त्याचं उत्तर संध्याकाळी मिळतं. देवळात पाय ठेवायला जागा नाही. धूप, समयांचं तेल, दमलेल्या माणसांची ऊब. आणि कीर्तनाला उभे कोण? सकाळचेच गृहस्थ! राजे स्वतः कीर्तनकार आहेत. पूर्वरंग होतो, बुक्का लागतो, उत्तररंगात आख्यान रंगतं. तुम्ही आता त्यांच्याकडे बघू नका, ते ज्यांच्याकडे बघतायत त्यांच्याकडे बघा. ही बाई कुठं पदर डोळ्याला लावते. तो पहिलवान कुठं सरसावून बसतो. पोरं कुठं चुळबुळतात आणि कुठं गप्प होतात. ज्या माणसानं एवढ्या जमावापुढं उभं राहून गोष्ट सांगितलीय, त्याला पुढचं चित्र कुठलं हवं हे शोधत बसावं लागत नसणार. ते त्याला समोरच्या तोंडांवर आधीच दिसलेलं असतं. चित्रकथ्याचंही तेच. आणि तुम्ही? तुमची गोष्ट आजवर एकाही माणसाला तोंडानं सांगितलेली नाही. पुरी झाली की दाखवू, म्हणत राहिलात.

या राजाचा हात रामायणावर थांबणार नाही. पुढं पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला ते एक लाख रुपयांचं साहाय्य देऊ करतील आणि तिच्यासाठी चित्रंही काढतील. अजिंठ्याला जाऊन तिथल्या भिंतींवरच्या चित्रांवर ग्रंथही सिद्ध करतील. तुम्हाला तेवढं थांबता येणार नाही. परतीची गाडी जुंपलीय.

पुन्हा तेच दणके, तीच धूळ. मायणीच्या अलीकडं धनगर विचारतो, "त्या वहीत काय दडवलंय वं?"

सांगून टाका. आता लपवण्यात अर्थ नाही. तुम्ही वही उघडता आणि बोलायला लागता. दुष्काळ पडलाय, एक म्हातारा मेंढरं घेऊन मुलूख सोडतो, रात्री माळावर मेंढरांचा वाडा बसवतो, पहाटे एक कोकरू नसतं. इथंच तुम्ही अडलाय. म्हाताऱ्याला कधी कळलं, कसं कळलं, पुढं काय, काही सुचत नाही.

धनगर पानावर वाकतो. बोट न लावता बराच वेळ बघतो.

"मेंढरं हायती. वाडा हाय. कुत्रं कुठाय?"

"कुत्रं?"

"आवं, कुत्र्याबिगार वाडा कुणी लावतं व्हय? लांडगा आला तर म्हाताऱ्याच्या आदी त्येला कळंल!"

"मग ते भुकलं का नाही?" म्हातारी विचारते.

"भुकलं असंल. म्हाताऱ्याचे कान गेले असतील," गाडीवान मागं न बघता म्हणतो.

"न्हाय, कुत्रं लांडग्यामागं गेलं!" मोठं पोर ओरडतं. धाकटं म्हणतं, कुत्रं मेलं. म्हातारी त्याला दटावते. धनगर सगळ्यांना गप्प करून, लांडगा आला की कुत्रं कसं वागतं ते काठीनं हवेत दाखवायला लागतो. गाडीत एकच गिल्ला होतो. तुम्ही पेन्सिल काढता, गाडीच्या हिसक्यानं रेघ वाकडी जाते. जाऊ द्या. आधी कुत्रं काढा, आणि त्यांना विचारा, पुढं काय झालं असेल?