रॉबिन्सन आडनावाची कुळकथा

आपल्याकडे आडनाव ऐकलं की पुष्कळदा माणसाचं गाव कळतं, नाहीतर त्याच्या कुळाचा धंदा. 'लॉस्ट इन स्पेस' या मालिकेत यानात बसून परक्या ताऱ्याकडे निघालेल्या कुटुंबाचं आडनाव रॉबिन्सन आहे, आणि ते यांतल्या कशावरूनही आलेलं नाही. एका पुस्तकाच्या नावाचा अर्थ लोकांनी चुकीचा लावला, त्यातून ते आलं.

सुरुवात १७१९ सालची, डॅनियल डीफोच्या 'रॉबिन्सन क्रूसो' या कादंबरीपासून. नायकाचे वडील ब्रेमेनहून इंग्लंडात येऊन राहिलेले, मूळ आडनाव क्रॉइट्झनेर. इंग्रजांच्या तोंडी ते काही बसेना, त्याचं क्रूसो झालं. आणि रॉबिन्सन? ते नायकाच्या आईचं माहेरचं आडनाव. घराणं चांगलं, म्हणून मुलाला तेच नाव ठेवलं. आईचं माहेर असं लेकाच्या नावात टिकून राहिलं, हे मला या कादंबरीतल्या बेटाइतकंच आवडतं.

पुस्तक युरोपभर वाचलं गेलं आणि त्याच्या नकलांचं पीक आलं. जर्मन भाषेत तर अशा कथांना 'रॉबिन्सनाड' असं जातिवाचक नावच पडलं. निर्जन बेटावर अडकला तो रॉबिन्सन, मग त्याचं खरं नाव काही का असेना.

पुढचा टप्पा स्वित्झर्लंडमधला. बर्नचे पाद्री योहान डेव्हिड वीस यांनी आपल्या चार मुलांसाठी एका कुटुंबाची गोष्ट रचली. त्यांचा मुलगा योहान रुडॉल्फ याने ती नीटनेटकी करून १८१२ साली झुरिकमध्ये छापून आणली. जर्मन नावाचा अर्थ साधा होता : स्वित्झर्लंडचा रॉबिन्सन. आई, बाप आणि चार मुलगे यांच्या त्या कुटुंबाला पुस्तकात आडनाव नाहीच. इंग्रजीत मात्र ते 'स्विस फॅमिली रॉबिन्सन' झालं. मध्ये 'फॅमिली' आलं आणि वाचकांनी शेवटचा शब्द त्या कुटुंबाचं आडनाव म्हणून वाचला. तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच.

या गोष्टीचा खरा जीव मात्र घरातल्या माणसांनी मिळून केलेल्या कामात आहे. जहाज फुटतं, खलाशी होड्या घेऊन निघून जातात. मग बाप पिंपं करवतीने मधोमध कापतो, त्यांचे टब एका ओळीत फळ्यांवर ठोकतो आणि एकेका टबात एकेकाला बसवून किनारा गाठतो. आईने एक पिशवी जवळ धरून ठेवलेली असते. पुढे जेव्हा जेव्हा काही अडतं, तेव्हा सुई, दोरा, बी-बियाणं असं नेमकं हवं ते त्या पिशवीतून निघतं.

डिस्नेने १९६० साली केन ॲनाकिनच्या दिग्दर्शनाखाली टोबॅगो बेटावर या गोष्टीवर चित्रपट केला आणि त्या कुटुंबाचं झाडावरचं घर जगभरच्या मुलांच्या मनात पक्कं झालं. मग बेटाच्या जागी ग्रह आला. 'स्पेस फॅमिली रॉबिन्सन' हे चित्रकथांचं नियतकालिक १९६२ साली निघालं. पाठोपाठ १९६५ च्या सप्टेंबरमध्ये अर्विन ॲलन यांची 'लॉस्ट इन स्पेस' अमेरिकेत सीबीएसवर सुरू झाली. तीन वर्षांत ८३ भाग झाले. यानातलं कुटुंब असं : प्राध्यापक जॉन रॉबिन्सन, बायको मॉरीन, मुली जूडी आणि पेनी, आणि धाकटा विल.

गंमत म्हणजे पहिल्या चाचणी भागात खलनायक डॉ. स्मिथही नव्हता आणि रोबोही नव्हता. दोघे नंतर आले आणि मालिका त्यांचीच होऊन बसली. त्या रोबोच्या सांगाड्यात बॉब मे हा नट उभा असे. संवाद तोच म्हणायचा, आणि बोलता बोलता हातातली कळ दाबून छातीवरचा दिवा शब्दांच्या ठेक्यावर लुकलुकवायचा. आवाज मागाहून डिक टफेल्ड देत. विलचा जिवलग दोस्त असा दोन माणसांनी मिळून उभा केला होता.

नव्या आवृत्त्यांत यान आणि रोबो बदलले याचं मला फारसं काही वाटत नाही. मी बघते ती बापाकडे. वीसच्या पुस्तकातल्या बापाला प्रत्येक झाड, प्रत्येक प्राणी ठाऊक. १९६५ चा जॉनही तसाच, विचारावं आणि उत्तर मिळावं असा. स्टीफन हॉपकिन्सच्या १९९८ च्या चित्रपटात हाच जॉन कामात इतका बुडालेला, की मुलाकडे बघायला त्याला सवड नाही. तिथे रोबोचा आवाज पुन्हा टफेल्ड यांचाच आहे आणि तो ऐकताना बरं वाटतं, पण चित्रपटभर मन त्या मुलाकडेच लागून राहतं. नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये मालिका पुन्हा केली तेव्हा तर नवरा-बायकोत अंतर पडलेलं आहे. जॉन लष्करातला, वर्षानुवर्षं घराबाहेर राहिलेला. अभियंता आहे मॉरीन, आकडेमोड तिची, आणि मुलांना घेऊन निघण्याचा निर्णयही तिचाच. आईच्या त्या पिशवीचा वारसा मला इथे सापडतो. तिन्हींत ही मला सर्वांत खरी वाटते, कारण इथे घर आयतं मिळत नाही, संकटात सापडलेली माणसं ते नव्याने जोडतात.

याच मालिकेत डॉ. स्मिथ ही बाई आहे. पार्कर पोझीने रंगवलेली ही बाई जखमी होऊन पडलेल्या खऱ्या डॉ. स्मिथचं जाकीट उचलते आणि त्याचं नाव घेऊन वावरू लागते. तो खरा स्मिथ झालाय बिल मुमी. १९६५ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, विल रॉबिन्सन म्हणून दूरचित्रवाणीवर आलेला मुलगा.