सिंधुदुर्ग : अनेकांची विद्या, एक कार्य

सिंधुदुर्गाचे नाव घेताच आपल्या डोळ्यांपुढे तट आणि बुरूज उभे राहतात. ते उभारण्यासाठी किती भिन्न विद्या एकत्र आणाव्या लागल्या असतील, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी कुरटे बेटावरील या दुर्गाचा मुहूर्त केला, असे परंपरा सांगते. १६६७ मध्ये काम पुरे झाले. बांधकामाशी हिरोजी इंदुलकरांचे नाव जोडले जाते. पाया घट्ट बसावा म्हणून शिसे ओतल्याची नोंद बखरीत आहे. पण गवंड्याची विद्या येथे एकटी पुरी पडणारी नव्हती. बेटाभोवती पाण्याखाली खडप. त्यातून दगड-चुन्याने लादलेली होडी कोणत्या भरतीला कोठून न्यावी, हे गाबीत, कोळी आणि भंडारी नाखव्यांनाच ठाऊक. लोहार-सुतारांची विद्या आणखी निराळी. यांतील कोणालाही दुसऱ्याचे काम येत नव्हते, आणि येण्याची गरजही नव्हती. गरज होती ती या साऱ्यांना एका कामास जुंपणाऱ्या राज्यकर्त्याची.

परक्यांची विद्याही महाराजांनी वर्ज्य मानली नाही. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधण्यासाठी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाला कामास लावले होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला फितवताच तो आणि त्याची माणसे काम टाकून निघून गेली. तरीही आरमार वाढतच राहिले. यावरून आम्हांस असे वाटते, की उसनी विद्या परत जाण्यापूर्वी ती आपल्या सुतारांच्या हाती उतरली पाहिजे, हे येथे ओळखले गेले होते.

पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग म्हटले. जहाजांसाठी सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे. रयतेच्या आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण अशी झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, असे ते बजावतात. आरमाराची गरज आणि बागाइतदाराचा अनुभव अशी दोन टोके या एका आज्ञेत सांधली आहेत.

ही वीण उसवायला मात्र वेळ लागला नाही. तुळाजी आंग्र्यांना नमविण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साह्य घेतले, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या आश्रयास असलेले आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. पुढे आनंदराव धुळपांनी तेथूनच पेशव्यांचे आरमार पराक्रमाने चालविले, हे खरे. पण पश्चिम समुद्रावरचा पूर्वीचा दरारा पुन्हा आला नाही. जळाली ती केवळ लाकडे नव्हती. दोन-तीन पिढ्यांच्या तांडेलांनी, सुतारांनी आणि गोलंदाजांनी मिळून साधलेला मेळ त्या दिवशी मोडला.

विद्या माणसामाणसांत विखुरलेली असते. तिला एकत्र बांधणे हेच राज्याचे, संस्थेचे आणि गावाचेही खरे काम. सिंधुदुर्गाचा तट आपल्याला हे सांगतो, आणि विजयदुर्गाच्या खाडीतील ती राख त्याची उलटी बाजू दाखविते.