'किंवा समतुल्य' : डंडॉकच्या जलवाहिनीचा खटला

एखादा देश व्यापारी संघात सामील होतो तेव्हा चर्चा होते ती जकातींची. सरकार, नगरपालिका आणि वीज मंडळे स्वतः जी खरेदी करतात, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक कोणत्याही देशात सरकारइतके मोठे गिऱ्हाईक क्वचितच सापडते. त्यामुळे सीमेवरची जकात उठली, तरी 'माल आपल्याच माणसाकडून घ्यायचा' ही रीत निविदेच्या कागदांत सुखाने नांदू शकते. ती कशी नांदते आणि मोडायला किती काळ लागतो, हे आयर्लंडच्या उदाहरणावरून फार स्पष्ट दिसते.

स्वतंत्र आयर्लंडने 1932 नंतर स्वदेशीचा मार्ग धरला. जकातींच्या भिंती उंच झाल्या. उद्योगांची मालकी आयरिश हातांत राहावी म्हणून 1932 आणि 1934 मध्ये कायदे झाले. या आडोशाने कारखाने उभे राहिले, पण घरची बाजारपेठ लहान होती आणि तरुणांचे लोंढे देशाबाहेर जात राहिले. 1958 मध्ये अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर यांच्या अहवालाने दिशा बदलली. 10 मे 1972 च्या सार्वमतात सुमारे 83 टक्के मते युरोपीय आर्थिक समुदायाच्या बाजूने पडली आणि 1 जानेवारी 1973 रोजी आयर्लंड त्याचा सभासद झाला.

समुदायाच्या घरात सरकारी बांधकामाच्या कंत्राटांविषयीचा निर्देश 1971 पासूनच होता. ठरावीक रकमेवरच्या कामांची जाहिरात समुदायाच्या राजपत्रात द्यायची, परदेशी कंत्राटदाराला डावलायचे नाही आणि तांत्रिक अटी अशा लिहायच्या नाहीत की एखादाच उत्पादक त्यांत बसेल, असा त्याचा आशय. मालाच्या खरेदीसाठी वेगळा निर्देश 1976 च्या डिसेंबरात आला. पाणी आणि वीज पुरवणाऱ्या संस्थांची कामे मात्र त्यांतून वगळलेली होती.

कागदावर नियम बदलले, मन बदलले नाही. 1978 च्या आरंभी आयरिश सरकारने 'आयरिश माल घ्या' अशी मोहीम काढली. एकूण ग्राहकखर्चाच्या 3 टक्के इतका खर्च आयात मालाकडून देशी मालाकडे वळवायचा, हे तिचे उद्दिष्ट. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. सरकारने सांगितले की, मोहीम फसलीच आहे. देशी मालाचा वाटा 1977 मधील 49.2 टक्क्यांवरून 1980 मध्ये 43.4 टक्क्यांवर घसरला आहे. 1982 च्या निकालाने हा बचाव मानला नाही. प्रयत्न फसला म्हणून त्याचा हेतू निर्दोष ठरत नाही, असे त्याचे सार.

खरी कसोटी लागली ती डंडॉक या गावात. नगरपरिषदेला फेन नदीचे पाणी शुद्धीकरण केंद्रापर्यंत आणि तेथून गावात आणायचे होते. निविदेच्या कलम 4.29 मध्ये अट होती : ॲसबेस्टॉस सिमेंटचे नळ 'आयरिश मानक 188' नुसार प्रमाणित असावेत. अट साधी आणि तांत्रिक दिसते. पण ते प्रमाणपत्र त्या वेळी एकाच कारखान्याकडे होते आणि तो आयर्लंडमधलाच होता.

एका कंत्राटदाराने स्पेनमध्ये तयार झालेल्या नळांवर आधारलेली निविदा भरली. ते नळ आंतरराष्ट्रीय मानकात बसत होते; तरीही प्रमाणपत्र नसेल तर चर्चेला येण्यात अर्थ नाही, असे त्याला कळवण्यात आले. स्पेन 1 जानेवारी 1986 रोजी समुदायात आला होता. म्हणजे 13 वर्षांपूर्वी ज्या दारातून आयर्लंड आत आला, त्याच दारातून आत आलेल्या नव्या सभासदाचा माल आता त्याच्याच उंबऱ्यावर अडला होता.

युरोपीय आयोगाने खटला भरला आणि काम थांबवण्याची मागणी केली. 1987 च्या मार्चमध्ये न्यायालयाच्या अध्यक्षांनी ती फेटाळली. विलंबामुळे गावकऱ्यांच्या आरोग्याला आणि सुरक्षिततेला असलेला धोका वाढेल, हे त्यांना अधिक वजनदार वाटले. तहानलेल्या गावाने खुल्या बाजाराच्या तत्त्वासाठी थांबावे का, या प्रश्नाचे याहून माणुसकीचे उत्तर सुचणे कठीण. पण त्यातून हेही उघड झाले की, निकाल लागेपर्यंत काम पुढे गेलेले असणार.

22 सप्टेंबर 1988 रोजी निकाल लागला. पाणीपुरवठ्याची कामे निर्देशाबाहेर आहेत, हा आयर्लंडचा मुद्दा न्यायालयाने मान्य केला. पण निर्देश लागू नसला, तरी मालाच्या मुक्त संचाराचे मूळ करारातले कलम 30 लागू होतेच. पाण्याचा ॲसबेस्टॉसशी संपर्क नको, ही काळजी रास्त होती. पण स्पॅनिश नळांना आतून-बाहेरून लेप होता आणि तो अपुरा का, हे सरकारला दाखवता आले नाही. मानकाच्या उल्लेखापुढे 'किंवा समतुल्य' एवढे शब्द असते, तर माल तपासण्याचा अधिकार नगरपरिषदेकडे राहिलाच असता. तपासण्यापूर्वीच दार बंद करणे, हा दोष ठरला.

या खटल्यात उघड्या पडलेल्या दोन्ही उणिवा पुढे भरल्या गेल्या. डिसेंबर 1989 च्या निर्देशाने अन्यायकारक निर्णय स्थगित वा रद्द करण्याची आणि भरपाईची व्यवस्था देशांतर्गत पातळीवरच असावी, असे बंधन घातले. 1990 मध्ये पाणी, वीज, वाहतूक आणि दूरसंचार ही क्षेत्रेही नियमांखाली आली.

भारत अशा संघात नाही. पण 2022 मध्ये संयुक्त अरब अमिरातींशी आणि 2025 मध्ये ब्रिटनशी केलेल्या व्यापारकरारांत सरकारी खरेदीवर स्वतंत्र प्रकरण आहे. देशी उद्योगाला हात देण्याची इच्छा गैर नाही. ती उघड धोरण म्हणून मांडली, तर तिच्यावर वाद घालता येतो, तिची किंमत मोजता येते. तांत्रिक अटीत दडवली, तर दोन्ही शक्य होत नाही.

ज्या नळांवरून हा वाद झाला, त्या ॲसबेस्टॉसच्या नव्या वापरावर 2005 पासून साऱ्या युरोपीय संघात बंदी आली. आयरिश आणि स्पॅनिश, दोन्ही नळ इतिहासजमा झाले. टिकले ते निविदेतले दोन शब्द, आणि आयर्लंडच्या प्रवेशानंतर ते निविदेत असायलाच हवेत हे ठरायला 15 वर्षे लागली.