अंगावरच्या थरांची कुळकथा

जुलैतल्या शनिवारी रात्री चेंबूरच्या मैत्री पार्कपाशी उभं राहिलं की सह्याद्रीकडे निघालेली पोरंपोरी भेटतात. पाठीवरच्या सॅकमध्ये कपड्यांचे तीन थर असतात. अंगालगत घाम चटकन सुकवणारा टी-शर्ट, त्यावर फ्लीस, सगळ्यांत वर विंडचीटर. ही पद्धत गिर्यारोहकांनी काढली असं बहुतेकांना वाटतं. मला मात्र तिचं कूळ शिकाऱ्यांकडे आणि त्यांच्याही मागे मेंढपाळांकडे जाताना दिसतं.

शिकाऱ्याची अडचण मुळात दुहेरी. माग काढत चालताना अंग घामाने निथळतं आणि मग मचाणावर तासन् तास हालचाल न करता बसायचं असतं. शेकोटी पेटवता येत नाही, हात चोळता येत नाहीत. भिजलेला कपडा अंगाची ऊब ओढून घेतो. एकच जाड कोट घातला तर चढणीवर जीव उकडतो, काढला तर वारा झोंबतो. म्हणून दोन-तीन पातळ कपडे, चालताना काढायचे आणि बसताना चढवायचे. ऊब कापडापेक्षा थरांमध्ये अडकलेली हवाच जास्त धरते.

राहिला पाऊस. 1823 मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांमध्ये रबर घालून पाणी रोखणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. आपल्याकडे 1920 साली बंगालमध्ये सुरेंद्र मोहन बोस यांनी त्याच वाटेने डकबॅक ही रेनकोटची कंपनी उभी केली. मुंबईतल्या कित्येक पिढ्या तिचे रेनकोट घालून शाळेत गेल्या. पण रबर बाहेरचं पाणी थांबवतं तसा आतला घामही कोंडून ठेवतं. तो रेनकोट घालून डोंगर चढलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही.

यावर उपाय शोधला तो टॉमस बर्बेरीने. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक गावी 1856 पासून त्याचं दुकान होतं आणि रानात हिंडणारे, शिकारीला जाणारे लोक त्याचं गिऱ्हाईक होते. मेंढपाळांचे अंगरखे लोकरीतल्या तेलकटपणामुळे पाणी धरत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं, असं सांगतात. 1879 मध्ये त्याने गॅबर्डिन काढलं. धाग्यालाच आधी पाणी न धरण्याची प्रक्रिया करायची आणि मग घट्ट विणायचं. पाऊस बाहेर राहतो, घामाची वाफ निसटते. 1911 मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या आमुंडसेनने ते वापरलं. 1924 मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीच्या अंगावर आत रेशीम, सूत आणि लोकरीचे थर होते, वर गॅबर्डिन.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण इंग्लंडच्या मेंढपाळाला जे ठाऊक होतं ते आपल्या धनगरालाही ठाऊक होतं. दख्खनी मेंढीची राठ लोकर हाताने कातायची, सणगरांनी ती मागावर विणायची, चिंचोक्याची खळ द्यायची. साताऱ्याकडचं म्हसवड अशा घोंगड्यांसाठी ओळखलं जातं. लोकर बरीचशी ओल पोटात घेते, तरी अंगाला लगेच ओली लागत नाही, आणि ओल शोषताना थोडी उष्णताही सोडते. आत बंडी किंवा पैरण, डोक्याला मुंडासं, पावसात घोंगड्याची खोळ. वारा सुटला की तीच अंगाभोवती लपेटायची, रात्री तीच अंथरायची. कोकणात भातलावणीला पाठीवर इरलं असतंच. हे सगळं थर-थर कपडे घालण्याचंच शास्त्र आहे, आणि ते पावसाचा भरवसा नसलेल्या माणसांनी घडवलेलं आहे.

त्याला नियमाचं रूप दिलं लष्कराने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 1943 चा नवा गणवेश काढला तो एकावर एक चढवायच्या हलक्या कपड्यांचा. पुढे 1969 मध्ये बॉब गोर यांना पाणी अडवून घामाची वाफ जाऊ देणाऱ्या गोर-टेक्सचा शोध लागला आणि 1970 च्या दशकाअखेरीस पॉलिएस्टरचं फ्लीस आलं.

थर टिकले, शिकार मात्र मागे पडत गेली. पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या लहानपणीच्या सुट्ट्या याच चेंबूरला जात, तेव्हा हे झाडीचं गाव होतं. एअरगनने चिमण्या टिपणाऱ्या त्या मुलाला पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात नेलं. बंदुकीकडून निरीक्षणाकडे असाच प्रवास पुढे देशातही झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक गेली, मचाण राहिलं. आज बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवरच्या प्राणीगणनेसाठी लोक रात्रभर मचाणावर बसतात. वैशाखात दुपारी अंग भाजतं, मध्यरात्री वळीव कोसळू शकतो, आणि शिकाऱ्याची जुनी अडचण तशीच समोर येते.

तेव्हा पुढच्या खेपेला सॅक भरताना सुती टी-शर्ट घरी ठेवा, एक कोरडा थर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. आणि महागडं जॅकेट विकत घेण्याआधी एखादं अस्सल, हाताने विणलेलं घोंगडं घ्या. दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक मिळेनासं झालं आहे. ते तुम्ही व्हा.