संगणकाचे निमज्जन-शीतलन

संगणकाचे निमज्जन-शीतलन : मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड इत्यादी उष्णता उत्पन्न करणारे घटक विद्युतरोधक द्रवात संपूर्ण बुडवून त्या द्रवावाटे त्यांची उष्णता वाहून नेण्याची पद्धती. विजेच्या ट्रान्सफॉर्मरांची वेटोळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच हेतूने तेलात ठेवली जात आली आहेत. संगणकक्षेत्रात तिचा गाजलेला अवतार म्हणजे सेमूर क्रे यांचा १९८५ सालचा क्रे-२ हा महासंगणक. त्याची मंडले थ्री-एम कंपनीच्या फ्लुओरिनर्ट या निष्क्रिय द्रवात बुडालेली असत.

हा द्रव घरगुती वापरास फार महाग. सबब हौशी मंडळी बहुधा रंगहीन व गंधहीन खनिज तेल पसंत करतात, जे औषधांच्या दुकानात लिक्विड पॅराफिन या नावाने सारक म्हणून विकले जाते. शुद्ध पाणी प्रथमतः विद्युतरोधक असले, तरी धातूंचे आयन त्यात उतरताच ते वाहक बनते; खाद्यतेल कालांतराने खवट व चिकट होते.

तेलाची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पाचपट, आणि तेवढ्याच घनफळात उष्णता सामावून घेण्याची शक्ती हजारपटीहून अधिक असते. परंतु सामावलेली उष्णता नाहीशी होत नसून केवळ उधारीवर राहते, याचा उत्साहाच्या भरात पुष्कळदा विसर पडतो. तीस लिटर तेलात तीनशे वॉट उष्णता सोडणारा संगणक अखंड चालविला आणि टाकीतून काहीच उष्णता बाहेर गेली नाही असे धरले, तर तेलाचे तापमान सुमारे सव्वा तासात तीस अंशांनी चढते. काचेतून थोडी उष्णता निसटते खरी, तथापि दीर्घकाळ चालणाऱ्या संगणकास पंप व बाहेरचा रेडिएटर यांची तजवीज करावीच लागते.

बुडालेले पंखे मंदगतीने फिरून तेल ढवळत राहतात. साध्या हार्ड डिस्कला हवेचे सूक्ष्म छिद्र असते व त्यातून तेल आत शिरते, म्हणून ती टाकीबाहेर ठेवणे भाग पडते. एसएसडीस अशी हरकत नाही. अधिक जिकिरीची बाब केशाकर्षणाची : केबलीच्या तारांमधील फटींतून तेल वर चढते आणि पार टेबलापर्यंत ठिबकते. तेलामुळे पीव्हीसीतील मृदुकारी द्रव्य निघून जाऊन वेष्टने ताठर होतात, रबराचे भाग फुगतात, आणि एखादा सुटा भाग बदलावयाचा म्हटला की तेलाने माखलेले हात व वर्तमानपत्रांचा ढीग यांना पर्याय नसतो.

अमेरिकेतील प्युजेट सिस्टिम्स ही कंपनी मत्स्यालयाच्या धर्तीच्या टाकीचा संच विकत असे. पेटंटच्या अडचणीमुळे तिने ती विक्री बंद केली. प्रोसेसरच्या उष्णतेनेच उकळणाऱ्या फ्लोरिनयुक्त द्रवांची द्विप्रावस्था पद्धती अधिक कार्यक्षम आहे. मात्र असे द्रव पर्यावरणात दीर्घकाळ टिकून राहतात, आणि २०२५ अखेर त्या वर्गातील रसायनांचे उत्पादन थांबविण्याची घोषणा थ्री-एमने डिसेंबर २०२२ मध्ये केली. घरगुती संगणकापुरते पाहता या पद्धतीचा खरा लाभ नीरवता, धुळीपासून मुक्तता आणि प्रेक्षणीयता एवढाच होय. केवळ तापमान उतरविणे हा हेतू असल्यास चांगला पंखा व धातूचे उष्णताशोषक हीच अधिक काटकसरीची व्यवस्था ठरते.