वाटाण्याचे रोप आणि ट्यूटोरियल

आफ्टर इफेक्ट्ससारखे सॉफ्टवेअर आज विद्यार्थी ट्यूटोरियल थांबवत, मागे नेत शिकतात. गुरूविना शिकण्याची ही रीत संगणकाने आणली, असा समज आहे. तो तपासून पाहायला हवा. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. मग वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपली. हा धडा त्यांचा त्यांनीच घेतला. 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) यांतील चमत्कारांमागे हीच प्रयोगशीलता होती. तेव्हा एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करताना चूक झाली, तर ती पुसण्याची सोय नव्हती.

पुढे याच फाळक्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपट काढला. कसब घराण्यात झाकून ठेवणाऱ्या समाजात ही मोठीच गोष्ट म्हणायची. आजचे ट्यूटोरियल त्याच औदार्याचे वारस आहे. मात्र कृती जशीच्या तशी गिरवली की हात तयार होतो, दृष्टी नव्हे. वाटाणा पेरण्याची कल्पना शिकणाऱ्यालाच सुचावी लागते.