परवाना ट्रकला, पारख वाहतूकदाराची

नागपूरहून राजनांदगाव, दुर्ग आणि भिलाईमार्गे रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड हा अवजड मालवाहतुकीचा मार्ग आहे. त्यावर पोलादाचा एखादा ट्रेलर थांबवला, तर परिवहन अधिकारी योग्यता प्रमाणपत्र, परवाना, विमा आणि चालकाचे लायसन्स पाहतो. गरज वाटल्यास गाडी वजनकाट्यावरही नेतो. मात्र त्याच मालकाच्या इतर गाड्यांना गेल्या दोन वर्षांत किती अपघात झाले, किती वेळा जादा भार सापडला, याचे उत्तर त्या कागदांत नसते. आपले प्रशासन गाडीला ओळखते, चालकाला ओळखते. वाहतूकदाराला मात्र फारसे ओळखत नाही. याचे मूळ कायद्याच्या इतिहासात आहे.

१९१४ चा मोटार वाहन कायदा प्रामुख्याने नोंदणी व लायसन्सपुरता होता. पुढे मंदीच्या काळात रेल्वेचे उत्पन्न घटले आणि मोटारींची स्पर्धा सरकारला जाणवू लागली. १९३३ चा मिचेल-कर्कनेस अहवाल आणि १९३७ चा वेजवुड समितीचा अहवाल याच चिंतेतून आले. त्यानंतर १९३९ च्या कायद्याने परवाना पद्धती आणली. दुर्ग तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. ट्रकच्या कपाळावर पुढे अनेक दशके दिसणारे ‘पब्लिक कॅरिअर’ हे शब्द या कायद्याच्या वर्गवारीतले. त्या कायद्यात सुरक्षिततेची कलमे होती, हे खरे; पण परवाना देताना मुख्य प्रश्न गाड्या किती असाव्यात आणि त्यांनी कोठवर जावे, हाच राहिला. मालक जबाबदार आहे की नाही, ही विचारणा दुय्यम ठरली.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रस्ते वाहतुकीवरील निर्बंध सैल करण्याच्या बाजूने मत दिले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली; पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांपुरता होता. एक-दोन ट्रकांचा मालक त्याच्या बाहेरच राहिला, आणि आपल्याकडील मालवाहतूक मोठ्या प्रमाणावर अशाच मालकांच्या हाती आहे. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवाना आला. १९८८ च्या कायद्याने तर परवाना सहसा नाकारू नये, असेच सांगितले. व्यापाराच्या दृष्टीने हे योग्य झाले. मात्र जुनी चाळणी काढताना तिच्या जागी सुरक्षिततेची नवी चाळणी बसवली गेली नाही.

जादा भाराच्या प्रश्नात हे उघड दिसते. काही राज्यांत ठरावीक रक्कम घेऊन जादा भाराला मुभा देणारी कार्डे दिली जात. नोव्हेंबर २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा बेकायदा ठरवली. २००७ चा रस्ते मालवहन कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला आणि त्याने १८६५ च्या कायद्याची जागा घेतली. त्यात मालवाहकाची नोंदणी आवश्यक केली आहे. वाहतूकदार हा घटक कायद्याच्या नजरेत आला खरा. पण या कायद्याचा मुख्य भर बिल्टी आणि मालाच्या नुकसानभरपाईवर आहे.

अमेरिकेचा मार्ग वेगळा होता. तेथेही १९३५ च्या कायद्याने परवाने आणले, परंतु पुढे वाहतूक कंपनीच तपासणीचा घटक झाली. कंपनीच्या दप्तराची पाहणी करून तिला ‘समाधानकारक’, ‘सशर्त’ किंवा ‘असमाधानकारक’ असा दर्जा दिला जातो. अखेरचा दर्जा मिळालेल्या सामान्य मालवाहू कंपनीला ६० दिवसांत, तर प्रवासी किंवा धोकादायक माल नेणारीला ४५ दिवसांत सुधारणा दाखवावी लागते. अन्यथा तिचा व्यवसाय थांबतो. पण हा दर्जा पाहणीच्या दिवसाचा असतो. म्हणून २०१० पासून रस्त्यावरील तपासण्या व अपघात यांच्या २४ महिन्यांच्या नोंदींवरून सततची देखरेख सुरू झाली.

त्यातही एक धडा आहे. लहान मालकांच्या थोड्याशा नोंदींवरून काढलेले गुण दिशाभूल करतात, अशी तक्रार झाली आणि २०१५ च्या कायद्यानंतर मालवाहू कंपन्यांची तुलनात्मक क्रमवारी जनतेपुढून काढून घेण्यात आली. दोन ट्रकांच्या मालकाचा एक अपघात आणि दोनशे ट्रकांच्या कंपनीचा एक अपघात एकाच मापाने मोजता येत नाहीत. दर्जावर तारीख हवी, त्याची कारणे लिहिलेली हवीत आणि अपिलाची सोय हवी. नाहीतर सुरक्षिततेच्या नावाने परवाना राज परत येईल.

२० मे २०२४ रोजी दुर्ग विभागातील कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता गोळा करून परतणाऱ्या मजुरांची पिकअप गाडी दरीत कोसळली. १९ जणांचा बळी गेला; त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. मालवाहू गाडीत माणसे भरली जाणे ही बाब आपल्या ग्रामीण भागात अपवादाची नाही. प्रत्येक अपघातानंतर चौकशी होते, पण ती त्या एका गाडीभोवतीच फिरते.

आज नोंदणी, योग्यता व परवाना ‘वाहन’ प्रणालीत आहे. दंड ई-चलानमध्ये आणि अपघात ‘आयरॅड’मध्ये नोंदले जातात. या नोंदी मालकाच्या नावाने एकत्र मांडल्या, तर वाहतूकदाराचे खाते तयार होईल. भिलाईसारख्या ठिकाणी मोठे कारखाने भाडे ठरवताना दर पाहतात. त्यांनी हे खातेही पाहावे, अशी अट निविदेत घालण्यास नवा कायदा लागत नाही. अपघातानंतर गाडीचा क्रमांक शोधण्यापेक्षा, अपघातापूर्वी मालकाची पारख करणे प्रशासनाला अधिक शोभून दिसेल.